गटात सगळ्या प्रकारचे लोक आहेत, तरी सगळे एकसारखेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीत अकरा जणांचा तुमचा गट महिन्यातून दोनदा कोणाच्या तरी घरी जमतो, शहराच्या प्रश्नांवर बोलतो, जमेल तेव्हा एखादं काम हाती घेतो. गट करताना तुम्ही मुद्दाम काळजी घेतलीत. मराठा, ब्राह्मण, जैन, लिंगायत, बौद्ध, मुस्लिम असे सगळे आहेत, चार बायका आहेत. तरीही गट सोडताना एक सभासद म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकसारखेच आहात." ते तुमच्या मनाला लागलं, आणि आता आणखी कोणाला घेतलं म्हणजे गट खरोखर वैविध्याचा होईल, असं तुम्ही विचारताय.

मी कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत बचत गट, शाळा व्यवस्थापन समित्या, पूररेषेतल्या गल्ल्यांचे गट बांधायचं काम बरीच वर्षं करते आहे. त्या कामातून सुचतं ते लिहिते. कोणाला घ्यायचं हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवणार आहे. त्या ताईंचं बोलणं माणसांच्या यादीबद्दल नसावं. नवीन माणूस आल्यामुळे तुमच्या गटात काय बदलतं, आणि काहीच बदलत नसेल तर ते कशामुळे, हा मला त्यामागचा खरा प्रश्न दिसतो.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमच्या अकरा जणांत समान काय आहे तेही बघा. सगळे पदवीधर. सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला पगार किंवा स्थिर धंदा. जवळजवळ सगळे तीस ते पंचेचाळीसच्या आतले. बहुतेकांचं घर स्वतःचं. पाणी आलं नाही तर टँकर मागवणारे, मूल आजारी पडलं तर खासगी दवाखान्यात जाणारे. आडनावं वेगळी असली तरी दिवस साधारण एकाच पद्धतीनं जातो, त्यामुळे शहराचे प्रश्नही एकाच खिडकीतून दिसतात. रस्त्यातले खड्डे दिसतात, पार्किंग दिसतं. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, शेवटची बस चुकली तर पायी घरी जावं लागणारी बाई त्या खिडकीतून दिसत नाही.

इथं एक सावधगिरी लगेच सांगते, कारण हा मुद्दा नेहमी चुकीच्या दिशेला नेला जातो. "जात-धर्म वरवरचं आहे हो, खरं वैविध्य विचारांचं" असं म्हणणारे भरपूर भेटतात, आणि पुष्कळदा त्या वाक्यानं दार बंदच होतं. जात-धर्म वरवरचं नाही. तुमच्या गटातल्या मुस्लिम इंजिनिअरला भाड्यानं फ्लॅट शोधताना काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांना एकदा विचारा. पगार तुमच्याएवढाच असून शहर त्यांना वेगळं भेटतं. तुम्ही केलेली निवड चुकीची नव्हती, ती अर्ध्यावर थांबली. आडनावांचा फरक घेतलात, आयुष्याचा घेतला नाहीत, आणि आडनावाच्या फरकातून जे अनुभव आले असते त्यांनाही बोलायला जागा झाली नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. गट कशासाठी आहे यावर बरंच ठरतं. घरकाम करणाऱ्या बायकांचा गट एकमेकींना आधार द्यायला जमत असेल, तर तिथं मालकिणींना घेऊन "वैविध्य" आणायची काही गरज नाही. नुकत्याच विधवा झालेल्या बायका, पहिल्या पिढीत कॉलेजला गेलेली दलित मुलं, यांनी आपापलं जमणं योग्यच आहे. जो गट इतरांच्या वतीनं काही ठरवतो, निवेदन देतो, "नागरिकांचं म्हणणं" मांडतो, त्याच्यावर मात्र वैविध्याची जबाबदारी येते. तुमचा गट या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

हा भेद आपल्या गावाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १८९६ साली राजाराम वसतिगृह निघालं, ते सगळ्या जातींच्या मुलांना खुलं होतं. प्रत्यक्षात तिथं ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला, इतरांपर्यंत त्याचा लाभ फारसा पोचला नाही. मग १९०१ पासून महाराजांनी वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी करायला बळ दिलं. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली काही बोर्डिंगं आजही दिसतात. जातवार बोर्डिंग म्हणजे भेद पक्का करणं नव्हे का, असं तरुण मुलं मला विचारतात. माझं उत्तर असं की उघडं दार आणि आत मिळणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे महाराजांना सर्वांसाठीच्या वसतिगृहाच्या अनुभवातून कळलं होतं. माणसाला आधी पाय रोवायला आपली जागा लागते, मग तो बरोबरीनं दुसऱ्याच्या बैठकीत बसतो. तुमचं दारही उघडंच आहे. आतल्या जागेचं बघायचं राहिलंय.

आतली जागा म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट एकटेपणाची. एका प्रकारचा एकच माणूस गटात असला की तो माणूस न राहता त्या समाजाचा वकील होतो. "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?" हा प्रश्न त्याच्याकडे वळतो. त्याला गाण्याची आवड आहे, त्याला महापालिकेच्या घरफाळ्यातलं कळतं, हे कोणी विचारत नाही. आणि एकटा माणूस फार काळ विरोधात बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या गोष्टीतही बाकी सगळे मुद्दाम चूक उत्तर देऊ लागले की एकट्या माणसाची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या बाजूला झुकत. पण खोलीत फक्त एक जण खरं बोलणारा मिळाला तर हे झुकणं एकदम खाली येई. म्हणून मी कुठल्याही गटात एका वस्तीतली, एका परिस्थितीतली एकच व्यक्ती घेत नाही. दोन तरी, शक्यतो तीन, आणि त्याही एकमेकींसारख्या नसलेल्या. तुमच्या गटातले दोन मुस्लिम सभासद एखाद्या विषयावर सगळ्यांसमोर एकमेकांशी वाद घालू शकतात का? घालत असतील तर तुमचं बरंच बरोबर चाललंय असं समजा.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. फरक एकावर एक साचू देऊ नका. समजा तुम्ही उद्या तीन नवे लोक घेतलेत, आणि तिघीही बायका, तिघीही एकाच वस्तीतल्या, तिघीही कमी शिकलेल्या. मग गटात सरळ दोन तट पडतात: "आम्ही" आणि "त्या". लाऊ आणि मर्निघन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये हे नीट मांडलं. जमिनीत जशी भेग असते तशी गटातही असते, आणि वय, लिंग, शिक्षण, समाज हे सगळे फरक एकाच रेषेवर आले की ती भेग रुंद होते. रेषा एकमेकींना छेदून गेल्या तर गट सांधला जातो. एखादा निवृत्त फाउंड्री कामगार, एखादी एमपीएससीचा अभ्यास करणारी त्याच वस्तीतली मुलगी, एखादी चांगल्या परिस्थितीतली पण एकटी राहणारी म्हातारी बाई. कामगार आणि म्हातारी वयानं जवळ येतील, मुलगी आणि तुमच्या गटातल्या प्राध्यापिका अभ्यासावरून जवळ येतील. कोण कोणाच्या बाजूला बसेल हे विषयागणिक बदलत राहिलं पाहिजे.

आपल्या पेठांतल्या तालमी, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेली गल्लीची मंडळं, हे एका अर्थानं आधीपासून करत आल्या आहेत. तालमीची माणसं गल्लीनं जोडलेली असतात, त्यामुळे जात-धर्माच्या रेषा गल्लीच्या रेषेनं छेदल्या जातात. बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा दोन्ही बसतात ते याच बळावर. पण तिथं बायका कुठं आहेत, हा प्रश्न मी तालमीतल्या भावांनाही विचारत असते. एक रेषा छेदली म्हणजे सगळ्या छेदल्या असं होत नाही.

तिसरी गोष्ट, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे, म्हणजे गटाचे न बोललेले नियम. माणसं गट सोडतात ती बहुतेक वेळा या नियमांमुळे, विचारांमुळे क्वचित. तुमची बैठक रविवारी रात्री साडेआठला असते असं तुम्ही लिहिलंय. ही वेळ कोणाच्या सोयीची? रात्रीचा स्वयंपाक ज्यांच्या अंगावर आहे त्यांच्या नाही. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन घरातल्या बाईला कदाचित जमेल, पण परत जायला वाहन नसलेल्या मुलीला जमणार नाही. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही. घर कोणाचं? चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली वॉचमन नाव विचारतो, वहीत लिहून घेतो. तुम्हाला ते लक्षातही येत नाही. ज्या बाईला त्या इमारतीत एरवी कामवाल्या म्हणून ओळखतात, तिला ती वही ओलांडून पाहुणी म्हणून वर यायचं असतं.

खर्चाचंही तसंच. "प्रत्येकी दोनशे काढूया" हे वाक्य किती सहज येतं! ज्याला जड जातं तो "मला त्या दिवशी काम आहे" म्हणतो, आणि आपल्याला वाटतं त्याला रस नाही. मग रस्सा मंडळ, म्हणजे मटणाचं एकत्र जेवण, होतं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर गप्पा होतात, आणि पुढच्या बैठकीचे निम्मे निर्णय तिथंच होऊन येतात. खरी बैठक बैठकीनंतरच्या कट्ट्यावर होते. चार बायका घरी गेलेल्या असतात, शाकाहारी गेलेले असतात, शेवटची बस पकडणारा गेलेला असतो. तुमच्या गटात बैठक संपल्यावर कोण कोण थांबतं ते एकदा नीट पाहा. प्रत्यक्षात गट तेवढाच आहे.

भाषेचंही सांगते. कागलकडचा किंवा गडहिंग्लजकडचा माणूस त्याच्या बोलीत बोलला की समोरच्याच्या ओठांवर बारीक हसू येतं. प्रेमाचंही असतं ते, पण त्याला पुढच्या वेळी दोन वाक्यं कमी सुचतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निम्मे संदेश इंग्रजीत, निम्मे इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत असतील तर एखादा सभासद फक्त अंगठ्याचं चिन्ह टाकत राहतो.

हे सगळं बदलायला अवघड नाही. वेळ आलटून पालटून ठेवा. जागा घराबाहेर काढा: शाळेचा वर्ग, समाजमंदिर, कोणाच्या तरी दुकानाचा मागचा भाग. चहा कोण करतो, कप कोण उचलतो याची पाळी लावा आणि पुरुषांची नावं आधी घाला. खर्च असलाच तर डबा ठेवा, ज्याला जमेल त्यानं टाकावं, हिशेब फक्त एकूण रकमेचा. आणि ठरवलेलं सगळं बैठकीतच ठरेल, कट्ट्यावर नाही, असा शब्द एकमेकांना द्या.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला एक भाग आपण पटकन ओलांडतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगारामांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं, आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. गंगारामांना राजवाड्यावर चहाला बोलावणं महाराजांना सोपं होतं, लोकांनी त्याचंही कौतुक केलं असतं. पण गेले ते महाराज, त्यांच्या दुकानात. संकोच मोडायचं काम वरच्यांच्या वाट्याला आलं. तुम्ही नवीन माणसांना "आमच्या गटात या" म्हणताय तोवर संकोच त्यांनीच मोडायचाय.

शाळा व्यवस्थापन समित्यांमध्ये हे मी जवळून पाहिलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला घालून दिल्या, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या. कागदावर याहून चांगली रचना सापडणार नाही. एका गावच्या समितीत मात्र गुरुजी बोलायचे, आया सह्या करायच्या. आम्ही सभासद बदलले नाहीत. बैठकीचा क्रम बदलला. सगळे आधी शाळेत फिरायचे, आया खिचडीचं पातेलं, पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह बघायच्या, आणि मग जमिनीवर गोल करून बसायचे. ज्या आईला "शैक्षणिक गुणवत्ता" या विषयावर काही बोलायचं नव्हतं, तिला स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही हे सांगायचं होतं, आणि आठवीतल्या मुली दुपारनंतर घरी का जातात हे त्यातून बाहेर आलं. गुणवत्तेचाच प्रश्न होता तो.

इथपर्यंतचं एकत्र करायचं तर: एकट्याला आणू नका, फरक एकाच रेषेवर साचू देऊ नका, आणि वेळ-जागा-पैसा-भाषा यांचे नियम आलेल्या माणसासाठी हलवा. पण एवढं करूनही गट वैविध्याचा झाला की नाही हे कशावरून ओळखायचं? मी एकच प्रश्न विचारते: गेल्या सहा महिन्यांत कोणाच्या वेगळेपणामुळे गटाचा कोणता निर्णय बदलला?

उदाहरण देते. ऑगस्ट २०१९ चा पूर आणि जुलै २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर पंचगंगेकाठच्या एका वस्तीत पूरतयारीचा गट बसला. आधीच्या यादीत बोट, टॉर्च, फोन नंबर, शाळेत उतरायची सोय असं सगळं व्यवस्थित होतं. म्हशी पाळणाऱ्या एका माणसानं सांगितलं, "जनावरं कुठं न्यायची ते सांगा, मग मी हलतो." पूर चढत असताना माणसं घर का सोडत नाहीत याचं निम्मं उत्तर त्या वाक्यात होतं. मग उंचावरची जागा, चारा, धार काढायची सोय यादीत पहिल्या पानावर आली. एका भाडेकरू बाईनं विचारलं की पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा घरमालकच दारात असतो, माझं भिजलेलं सामान कोणाच्या नावावर लागणार? भाडेकरार कोणाकडेच नव्हता. त्यातून भाडेकरूंची वेगळी नोंद, वीजबिलं आणि आधारकार्डाच्या प्रती आधीच गोळा करून ठेवणं सुरू झालं. या दोघांना गटात घेतलं हे वैविध्य होतंच, पण ते पूर्ण झालं यादी बदलली तेव्हा. त्यांचं ऐकून घेऊन, "चांगला मुद्दा आहे" म्हणून जुनीच यादी छापली असती, तर तीही माणसं पुढच्या बैठकीला आली नसती.

म्हणून निर्णय कसा घेता यालाही महत्त्व आहे. कार्पोविट्झ आणि मेंडेलबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी छोट्या गटांवर प्रयोग करून दाखवलं की बायका संख्येनं कमी असतील आणि निर्णय बहुमतानं होत असेल तर त्या पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी बोलतात, आणि सर्वांची संमती लागत असेल तर त्यांचं बोलणं वाढतं. माझाही अनुभव तोच. तुमच्या अकरांत बायका चार आहेत. महत्त्वाच्या विषयांवर हात वर करून मतं मोजणं बंद करा. शेवटचा माणूस "चालेल" म्हणेपर्यंत थांबा, आणि ते "चालेल" कंटाळून आलंय की पटून, हेही विचारा.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. गट हळू चालेल. एका बैठकीत संपणारं काम तीन बैठका घेईल. कधी कोणी दुखावलं जाईल. जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहरात तणाव झाला, इंटरनेट बंद राहिलं, तेव्हा जे गट केवळ गोड बोलून चाललेले होते ते एकदम गप्प झाले. जिथं आधी अवघड विषयांवर समोरासमोर भांडून झालं होतं, तिथं लोकांनी एकमेकांना फोन केले, "तुमच्या गल्लीत काय चाललंय, आई कशा आहेत" असं विचारलं. आधीची भांडणं तेव्हा कामी आली. तुमच्या गटात गेल्या वर्षात एकही खरा मतभेद झाला नसेल तर मला त्याचीच जास्त काळजी वाटेल.

गट सोडलेल्या ताईंना भेटा असंही सुचवते, पण परत बोलवायला नको. त्यांनी बोलणं केव्हापासून कमी केलं, एवढंच विचारा, आणि उत्तर देत असताना आपली बाजू मांडू नका.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कोणाला घ्यायचं. माझा सल्ला असा की इतक्यात कोणालाच घेऊ नका. आधी एक असा प्रश्न निवडा जो तुमच्यापेक्षा इतरांना जास्त भिडतो. केएमटीच्या संध्याकाळनंतरच्या फेऱ्या हा चांगला विषय आहे. घरकाम करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे कामगार, क्लासला जाणारी मुलं, डोळे कमजोर झालेले वृद्ध, सगळे त्या थांब्यावर असतात. त्यांचे आधीपासून काही गट असतील: एखादा बचत गट, एखादी कामगारांची संघटना, ज्येष्ठांचा कट्टा. त्यांच्याकडे तुम्ही जा, त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी, आणि तुमच्याकडे जे आहे ते पुढे ठेवा. तुम्हाला अर्ज लिहिता येतात, माहिती अधिकार वापरता येतो, अधिकाऱ्यांची भेट मिळते. कोणत्या थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागतं हे त्यांना माहीत आहे. निवेदनावर पहिली सही त्यांची असू द्या, आणि अधिकाऱ्यांसमोर बोलायचं कोणी हे त्यांनी ठरवू द्या. दोन-तीन महिने असं बरोबर काम झालं की कोणाला तुमच्या गटात यावंसं वाटतं, आणि तुमच्यापैकी कोणाला त्यांच्या गटात जावंसं वाटतं, हे आपोआप दिसेल. दुसरं घडलं तर तेही होऊ द्या. मग पुढच्या बैठकीची वेळ आणि जागा त्या सगळ्यांना विचारून ठरवा, आणि ती तुमच्यातल्या एक-दोघांना गैरसोयीची ठरली तरी तशीच ठेवा.